विश्लेषण : दिवाळीचा कंदील नाताळच्या दारात कसा? रेव्हरंड टिळकांनी शोधलेला अर्थ

दिवाळी संपली की आकाशकंदील लगेच उतरवायचा की तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा, यावर घराघरांत मतभेद असतात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, जिथे नवे रेल्वे स्थानक होऊ घातले आहे त्या चिखलोलीसारख्या भागात डिसेंबरच्या अखेरीस आणखी एक प्रश्न पडतो. गॅलरीत चांदणीच्या आकाराचा कंदील लटकतो आहे, तो दिवाळीचा राहून गेलेला की नाताळसाठी मुद्दाम लावलेला? दारावर झेंडूचे तोरण, उंबऱ्याबाहेर रांगोळी, रांगोळीत पणत्या आणि आत गव्हाणीत निजलेला बाळ येशू, असे दृश्य मराठी ख्रिस्ती घरात दिसले की पाहुणा क्षणभर थबकतो. कुणाला ते लोभस वाटते, कुणाला ही सरमिसळ वाटते. मोबाइलवर त्याचे फोटो फिरतात आणि दोन्ही बाजूंनी वादही होतात.

हा वाद नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी कवीने तो स्वतःच्या संसारात आणि पुढे चर्चमध्ये ओढवून घेतला. त्यांचे बालपण याच परिसरात, कल्याणला गेले होते. नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. लोकमान्यांशी त्यांची गल्लत आजही होते. दोघे समकालीन, दोघे रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघे चित्पावन. म्हणून एक लोकमान्य आणि दुसरे रेव्हरंड, अशी ओळख रूढ झाली.

सजावटीचा मूळ अर्थ कोण ठरवतो?

टिळकांकडे वळण्याआधी नाताळची ‘खरी’ सजावट म्हणजे काय, ते पाहायला हवे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या मागी लोकांना वाट दाखवणारा तारा आहे. कागदी चांदणीला बायबलचा आधार मिळतो तो एवढाच. आज जगभर प्रसिद्ध असलेला अनेक टोकांचा मोरावियन तारा १८३० च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या शाळेत, मुलांना भूमिती शिकवताना तयार झाला. नाताळचे झाड बायबलमध्ये नाही. हिवाळ्यातही हिरवे राहणाऱ्या झाडाला घरात आणून सजवण्याची जर्मन प्रदेशातली प्रथा तिथल्या ख्रिस्ती घरांनी आपलीशी केली आणि एकोणिसाव्या शतकात ती सगळीकडे पसरली. २५ डिसेंबर ही तारीखही बायबलमध्ये नाही.

गोठ्याचेही तसेच. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण जन्माच्या प्रसंगी बैल आणि गाढव उभे असल्याचा उल्लेख कुठल्याही शुभवर्तमानात नाही. यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या गव्हाणीला ओळखते, असे येते. तिथून ते या गोठ्यात शिरले. आज ती जनावरे नसतील तर गोठा अपुरा वाटतो.

म्हणजे परकी वाटणारी वस्तू घ्यायची आणि तिच्यात ख्रिस्ताचा अर्थ वाचायचा, हे ख्रिस्ती परंपरेने वारंवार केले आहे. जर्मन झाडाला कुणी हरकत घेत नाही, झेंडूच्या तोरणाला मात्र घेतली जाते. हा भेद का, हा प्रश्न टिळकांना छळत होता. त्यांच्यासमोरची वस्तू कंदील नव्हती. ते टाळ, वीणा आणि अभंग होते.

कल्याणचा मुलगा

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. १८६९ ते १८७३ या काळात नारायणाचे शिक्षण कल्याणला झाले. कल्याणहून पुढे घाटाच्या दिशेने जाणारी आगगाडी तेव्हा चांगली रुळली होती; अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा हा लोहमार्ग १८५६ मध्येच सुरू झाला होता. आज चिखलोलीचे स्थानक होते आहे ते याच मार्गावर.

आई गेली तेव्हा नारायण बारा वर्षांच्या आतबाहेरचा होता. वडिलांशी पटेना. त्याने घर सोडले आणि नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत आणि काव्यशास्त्राचा अभ्यास झाला. थोडेफार इंग्रजी शाळेत मिळाले. औपचारिक शिक्षण तिथेच थांबले.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या याच. नवरा कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी छापखान्यात खिळे जुळवणारा. एका गावी फार काळ न टिकणारा, हातात पैसा आला की वाटून मोकळा होणारा. हे सगळे लक्ष्मीबाईंनी अशा मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे, की टिळकांच्या इतर चरित्रकारांना त्यापुढे फारसे काही उरलेच नाही.

१८९१ च्या सुमारास नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. धर्माविषयी मनात खळबळ होतीच. जातिभेद नसलेला, सगळ्यांना जवळ घेणारा नवा धर्म या देशाला हवा, असे त्यांना वाटू लागले होते.

आगगाडीचा डबा आणि एक पुस्तक

१८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरी लागली. तिकडे जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. त्या काळी गोऱ्या प्रवाशाने काळ्या माणसाला डब्यात सौजन्याने जागा करून देणे ही लक्षात राहावी अशीच गोष्ट. गप्पा संस्कृत काव्यावरून धर्मावर आल्या. उतरताना त्या माणसाने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. तो प्रवासी अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी होता, असे पुढे मानले गेले.

टिळकांनी पुस्तक चिकित्सकपणे वाचायला घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. शत्रूवर प्रीती करा, दीन ते धन्य, या शिकवणीने त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी आधी कुणालाच काही सांगितले नव्हते.

सगळ्यात आधी घर हरवले. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या. साडेचार-पाच वर्षे ताटातूट झाली. मग त्या नवऱ्याकडे नगरला आल्या, पण सोवळे-ओवळे घेऊनच. पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाने लक्ष्मीबाईंच्या मनाचा ठाव घेतला आणि त्यांनी स्वतःच सोवळे सोडून दिले. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

ही घटना नुसती कौटुंबिक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. एकाच छपराखाली दोन धर्म नांदत असताना सण कसा करायचा, दारात काय लावायचे, कुणाच्या हातचे खायचे, हे टिळकांच्या घरात रोजचे प्रश्न होते. नंतर त्यांनी जे मांडले ते या घरातून निघाले आहे.

चर्चमध्ये टाळ कसे वाजले?

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र. टिळक तिथे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तिथल्या उपासनेत त्यांना खटकली ती एक गोष्ट. माणसे मराठी, शब्द मराठी, पण चाल इंग्रजी. इंग्रजी चालीत बसवायचे म्हणून मराठी शब्दांची ओढाताण व्हायची. खेड्यातला माणूस रविवारी ही गाणी म्हणायचा आणि एरवी शेतात आपली जुनी गाणी गुणगुणायचा.

ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात टिळकांनी केली, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. नगरमध्येच १८६० च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ती वाट पाडली होती. टिळकांचे योगदान त्याहून खोलवरचे. त्यांनी नुसता साचा उसना घेतला नाही, त्या साच्यातली भक्तीच मोलाची मानली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम ही त्यांच्या मते टाकून द्यायची अडगळ नव्हती. हिब्रू लोकांना जुना करार जसा, तशी महाराष्ट्राला ही संतवाणी, असे त्यांचे म्हणणे होते.

मग त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदे लिहिली. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटले. युरोपातल्या चित्रांत येशू राजा असतो, न्यायाधीश असतो, मेंढपाळ असतो, आई क्वचित. मराठी माणसाच्या तोंडी मात्र देवासाठी आईचाच शब्द आधी येतो. तो शब्द चर्चमध्ये नेल्यावर ख्रिस्ताविषयीच काहीतरी नवे उमगते, असे टिळकांना दिसले. टिळकांचे मर्म इथे आहे. घरची वस्तू ख्रिस्ताच्या दारात ठेवली तर वस्तूचा अर्थ बदलतोच, शिवाय त्या वस्तूच्या उजेडात ख्रिस्ताचा चेहराही वेगळा दिसतो. पणतीचेही असेच. विजेच्या माळेपेक्षा तेल-वातीची पणती गोठ्यातल्या गरीब जन्माला अधिक शोभते, हे कळायला घरात कधी पणती लावलेली असावी लागते.

त्यांचे अभंग ‘अभंगांजली’त एकत्र आले, आणि त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातून आजही गायली जातात. गाणाऱ्या सगळ्यांना कवीचे नाव ठाऊक असतेच असे नाही.

ख्रिस्ती नसलेला महाराष्ट्र त्यांना वेगळ्या नावाने ओळखतो, फुलामुलांचे कवी म्हणून. ‘वनवासी फूल’ ही त्यांची दीर्घ कविता. १९०७ मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन झाले, तिथे त्र्यंबक ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाने कविता म्हटली. तो म्हणजे बालकवी. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले, मुलासारखे सांभाळले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या घरी ब्राह्मण मुलगा राहतो, याची तेव्हा काय चर्चा झाली असेल याची कल्पना आज करणे कठीण नाही.

फुलांवर बंदी होती तो काळ

टिळक हे करू शकले, यामागे स्थळकाळाचाही भाग आहे. गोव्यात हेच शंभर-दीडशे वर्षे आधी केले असते तर शिक्षा झाली असती. १७३६ मध्ये तिथल्या इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना जुन्या चालीरीतींची मनाई केली गेली. लग्नात हळद लावणे, विडे आणि फुले वाटणे, स्थानिक वाद्ये वाजवणे, दारात तुळस ठेवणे असे सगळे त्यात होते. हळद आणि फूल यांच्यात धर्म दडलेला आहे, आणि तो पुसून निघणार नाही, अशी ती समजूत होती.

गंमत म्हणजे त्याच गोव्यात त्याआधी एक वेगळी वाट दिसली होती. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी आणि कोकणी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. सुमारे ११ हजार ओव्यांत बायबलची कथा, तीही पुराणाच्या थाटात. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले, टिळक १९१९ मध्ये. बरोबर तीनशे वर्षांचे अंतर. तोही पूलच होता, पण तो परदेशातून येणाऱ्याने बांधला होता. टिळक पलीकडे गेले ते इथलेच म्हणून, आणि परतीची वाट त्यांना बंद करायची नव्हती.

हरकत कुणाची होती?

दोन्हीकडून होती. हिंदू समाजातल्या काहींना हे धर्मांतराचे गोड रूप वाटे. आमचेच टाळ घेऊन आमच्याच माणसांना नेता, असा तो आक्षेप. काही मिशनऱ्यांना उलटी भीती होती. टाळामागून मूर्ती येईल, आणि मूर्तीमागून सगळेच.

तिसरी हरकत फारशी सांगितली जात नाही, पण सगळ्यात वजनदार तीच आहे. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले होते. ज्या देवळांच्या पायरीवर त्यांना उभे राहू दिले नाही, त्या देवळांची आठवण करून देणारी चिन्हे त्यांना चर्चमध्ये पुन्हा कशाला हवी असतील? ब्राह्मण घरातून आलेल्या टिळकांना ज्या गोष्टीचा विरह होता, ती गोष्ट सोडणे हीच कुणासाठी सुटका होती. आज एखाद्या मराठी ख्रिस्ती घरात रांगोळी काढत नाहीत, तर त्यामागे कडवेपणा असेलच असे नाही. त्यामागे अशी आठवणही असू शकते. टाळ-एकतारी मात्र कुणा एका जातीची नव्हती. चोखामेळा देवळाबाहेर उभा राहून गायला होता. म्हणूनच टिळकांनी सोवळ्यातली पूजा उचलली नाही, वारीतले भजन उचलले. ही निवड त्यांनी पुरेशा जाणीवपूर्वक केली होती असे त्यांच्या एकंदर लेखनावरून वाटते. जातिभेदाच्या रागातूनच ते ख्रिस्ताकडे गेले होते, हे विसरून चालत नाही.

पगार सोडला, दरबार भरवला

१९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या जुन्या नियतकालिकाचा मराठी भाग ते सांभाळत होते. १८४२ साली सुरू झालेले हे पत्र. त्यातून ते देशाबद्दल, भाषेबद्दल, मिशनच्या मालकी वृत्तीबद्दल बोलत राहिले. ख्रिस्ती झालो म्हणजे भारतीयपण सोडले असे नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकत होते. चर्चच्या चौकटीला हे झेपणारे नव्हते. टिळकांची तब्येतही साथ देईना. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

पुढे काय उरले?

जॅक विन्स्लो नावाचे अँग्लिकन धर्मगुरू नगर भागात काम करत होते. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापन केला आणि १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांना याच आश्रमाने आसरा दिला. शांतिनिकेतनच्या परंपरेत शिकून आलेल्या फोन्सेकांनी मरियेला साडी नेसवली, म्हणून गोव्यातल्या काही ख्रिस्ती मंडळींचा रोष ओढवून घेतला होता. पुण्यात राहून १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तशीच चित्रे काढत राहिले. साडीतली मरिया आज नाताळच्या शुभेच्छापत्रांवर सहज खपते.

टिळक प्रोटेस्टंट होते. कॅथलिक चर्चमध्ये हा बदल वेगळ्या वाटेने आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भारतातल्या बिशपांनी मिस्साविधीसाठी भारतीय पद्धतींचे १२ मुद्दे रोमकडे पाठवले आणि एप्रिल १९६९ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. हात जोडून नमन, आरती आणि मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे हे त्यात आहेत. टिळकांच्या मृत्यूला तेव्हा नुकतीच पन्नास वर्षे होत होती. त्यानंतरही सगळ्यांना ते पटले असे नाही. काहींनी विरोध केला, अजून करतात. चर्चच्या पायरीवर समई असावी की नसावी, यावर एकाच धर्मग्रामात दोन मते आढळू शकतात.

आणि घरी? टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य लिहायला घेतले होते. नावातच रामायणाचा घाट. सुरुवातीचे मोजके अध्याय झाले आणि ते अर्धवट राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. लग्नात जेमतेम अक्षरओळख नसलेली, नवऱ्याने धर्म बदलला म्हणून वेगळी चूल मांडणारी ही बाई त्याच्यामागे एकेक अध्याय रचत गेली. तिने ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ छापून आले. बेथलेहेमचा तो गोठा मराठी पद्यात उभा आहे, आणि त्याचा बराचसा भाग स्वयंपाकघरातून उठून आलेल्या हाताने रचला आहे.